मर्व्हिन हलादूनची पहिली निवड

चर्चच्या तळघरातल्या जेवणाबद्दल मर्व्हिन हलादूनचं एक ठाम मत होतं. रांगेत पहिला आलेल्याला गरम गरम पेरोही, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, मिळतात. शेवटच्याला उरलेल्या सगळ्या डब्यात भरून घरी नेता येतात. मधल्याला काय? मोजून सहा, त्याही कोमट. आणि मर्व्हिन जन्मभर मधेच उभा राहिलेला माणूस होता.

मिलर्स फोर्ड गावात हमरस्त्यालगत त्याचं टायरचं दुकान. वय छप्पन्न, अंगानं बुटका आणि रुंद, मिशा नोव्हेंबरात गोठायच्या त्या मार्चमध्ये सुटायच्या. माणूस मात्र सरळ. टायरमध्ये जीव असला तर "अजून एक हिवाळा जाईल, उगाच बदलू नकोस" असं सांगून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा. खोड एकच होती, त्याला सिद्धांत मांडायची हौस होती. बर्फ पडताना उपसावं की पडून गेल्यावर, कॉफीत साखर आधी घालावी की दूध, प्रत्येक गोष्टीवर त्याचं काहीतरी ठरलेलं असे आणि ते ऐकल्याशिवाय तो कुणाच्या गाडीचं चाक लावत नसे.

सगळ्यांत लाडका सिद्धांत हरण्याचा. बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या लीगमधल्या ज्या संघावर त्याचा जीव होता, तो संघ गेली अकरा वर्षं 'पुनर्बांधणी' करत होता. दरवर्षी शेवटचे यायचे, शेवटचे आले म्हणून नव्या पोरांतला सगळ्यांत चांगला पोरगा पहिल्या निवडीत घ्यायचे, पोरगा तयार झाला की तो दुसऱ्या शहरी निघून जायचा, आणि हे पुन्हा शेवटचे. तेवढ्या काळात आमच्या नदीवरचा पूल दोनदा बांधून झाला.

"अकरा वर्षं पायाच भरतायत," आयरीन, त्याची बायको, म्हणायची. "घराला छप्पर कधी घालणार?"

"तुला कळत नाही आयरीन. मधे अडकणं सगळ्यांत वाईट. वर जायचं तर आधी तळ गाठावा लागतो."

"तळ गाठलाय रे त्यांनी. आता खणतायत."

मर्व्हिनच्या या बोलण्यामागे स्वतःचं दुखणं होतं. गावच्या रविवारच्या लीगमध्ये टायरवाल्यांच्या संघाचा तो बावीस वर्षं कप्तान. संघ एकूण चार: टायरवाले, ट्रॅक्टरवाले, डेअरीवाले आणि हॉटेलवाले. चर्च सुटलं की दुपारी रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, खेळ. पहिले दोन संघ मार्चमध्ये अंतिम सामना खेळत आणि जिंकणाऱ्यांना कॅन मिळे. कॅन म्हणजे खराच, डेअरीतला जुना दुधाचा कॅन, एका बाजूनं पोचा पडलेला. त्यावर जिंकणाऱ्या प्रत्येकाचं नाव खिळ्यानं ठोकून कोरायचं. रिंकच्या कँटीनमध्ये सूपच्या पातेल्यावरच्या फळीवर तो ठेवलेला असे. बावीस वर्षांत मर्व्हिनचा संघ कधी तिसरा यायचा, कधी दुसरा येऊन अंतिम सामना हरायचा. कॅन एकदाही नाही.

दर सप्टेंबरला कँटीनमध्ये खेळाडूंची नव्यानं वाटणी होई. कप्तान आणि गोलकीपर तेवढे आपापल्या संघात कायम, बाकीचे सगळे एका यादीत. चारही कप्तान आळीपाळीनं एकेक नाव घेत. मागच्या वर्षी शेवटचा आलेल्याची निवड पहिली. आणि सप्टेंबरात ज्याचं नाव ज्या संघात पडलं, त्याचं नाव त्या संघाबरोबर कॅनवर जाणार, मग तो हंगामभर खेळो की पाय मोडून घरी बसो. हे असंच एकदा झालंही होतं. ज्याचा पाय मोडला तो ओरेस्ट बोडनारचा मेव्हणा.

हा ओरेस्ट म्हणजे मर्व्हिनचा गोलकीपर. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर काढली आणि बावीस वर्षं मर्व्हिनच्या गोलात. सगळं गाव त्याला 'वुइको' म्हणे, मामा. त्याच्या वयाच्या एकूण एक माणसाचं नाव कॅनवर होतं, त्याचं एकट्याचं नव्हतं. दर रविवारी सूपचा वाडगा हातात घेऊन तो वर बघायचा.

"पहिल्या सामन्याला निघाला, ट्रकमधून उतरताना घसरला आणि घोटा मोडला. वर्षभर सोफ्यावर पडून माझ्या बहिणीच्या हातचं खाल्लं. आणि बघा, माझ्या मेव्हण्याचं नाव कसं ठळक आलंय!"

सगळे हसत. ओरेस्टही हसे, पण वाडगा रिकामा होईस्तोवर त्याची नजर त्या कॅनवरच असायची.

त्या जानेवारीत टायरवाले नेहमीप्रमाणे तिसरे होते, पण दुसऱ्यापासून फक्त दोन गुणांवर. आठ रविवार बाकी. "मर्व, यंदा जमेल असं वाटतंय मला," ओरेस्ट पॅडचे पट्टे सोडताना म्हणाला. असं तो कधी म्हणत नसे. मर्व्हिननं मान डोलावली. त्याचं डोकं भलतीकडेच होतं.

त्याच आठवड्यात आयरीननं शाळेतून बातमी आणली होती. ती शाळेच्या ऑफिसात कामाला. व्यायामाचे नवे मास्तर आलेत, कॉल्बी रेनविक, वय एकोणतीस, ज्युनियर लीगमध्ये तीन वर्षं खेळलेला आणि मोठ्या लीगनं एकदा सातव्या फेरीत निवडलेलासुद्धा. मर्व्हिनच्या हातातला काटा बशीत पडला.

"राहणार आहे ना तो इथं? नक्की?"

"घर घेतलंय. मर्व, तुझ्या डोळ्यांत हे काय दिसतंय मला?"

नाताळनंतर नवा खेळाडू घ्यायचा नाही, हा लीगचा नियम. म्हणजे मास्तर येणार ते सप्टेंबरच्या यादीत. तो पहिल्याला मिळणार, आणि पहिला कोण, तर जो शेवटचा येईल तो. मर्व्हिननं कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि रात्रीचं जेवण निवू दिलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं त्याच्या मनात पुढच्या वर्षीच्या कॅनवर नावंही ठोकून झाली. त्यात ओरेस्टचं नाव सगळ्यांत वर होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. म्हाताऱ्याला कॅन मिळवून द्यायचा म्हणून तर हा सगळा खटाटोप, असं त्यानं स्वतःला बजावलं.

मंगळवारी दुकानात संघ गोळा करून त्यानं बेत सांगितला. ओरेस्टला तेवढं बोलावलं नाही. त्याला हे पटणार नाही, हे मर्व्हिनला ठाऊक होतं. पटणार नाही ते त्याला विचारायचंच नाही, असाही त्याचा एक सिद्धांत असावा.

हरणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ठरवून हरून बघावं. चौथ्या क्रमांकावर ग्लेन्डाचे हॉटेलवाले पाय रोवून बसले होते. ग्लेन्डा स्वतः कप्तान, आवाज रिंकच्या छपरावरचं बर्फ पाडील असा, आणि संघात निम्मी तिच्या बारची जुनी गिऱ्हाइकं. त्यांना हरायला बेत लागत नसे, सोमवार उजाडेपर्यंत तर गुण किती झाले तेही त्यांच्या लक्षात नसायचं. ते चार गुणांनी मागे होते.

मर्व्हिननं पुढच्या माणसांना मागे खेळवलं, मागच्यांना पुढे. सगळ्यांत वेगवान पोराला ऐन रविवारी दुकानात पंपाचं काम काढलं. आणि तरी पहिल्याच रविवारी ट्रॅक्टरवाल्यांशी शून्य-शून्य बरोबरी! ओरेस्ट गोलात पेटला होता. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा बर्फावर आडवा काय पडत होता, उभा काय राहत होता, एकोणतीस वेळा चकती आली आणि एकोणतीस वेळा त्यानं ती परत पाठवली. खेळ संपल्यावर तो धापा टाकत मर्व्हिनकडे आला.

"पोरं आज विस्कळित होती रे. पण काळजी करू नकोस. मी आहे मागे."

"हो वुइको," मर्व्हिन म्हणाला, आणि त्याला आपल्या बुटाच्या नाड्या फार महत्त्वाच्या वाटू लागल्या.

ग्लेन्डाला दोन आठवड्यांत सुगावा लागला. दुकानात येऊन तिनं गाडी लिफ्टवर चढवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मर्व, शेवटची जागा आमची वडिलोपार्जित आहे. तिथं अतिक्रमण केलंस तर बघ."

"मी कुठं काय केलं?"

"काल मोकळ्या गोलासमोर उभं राहून चकती पार्किंगमध्ये मारलीस. आमचे लोक सुद्धा शुद्धीत असताना असं करत नाहीत."

पण पाचव्या रविवारनंतर मर्व्हिनला काही करावंच लागलं नाही. आधी पोरं हरताना एकमेकांना डोळा मारत होती, आता मारेनाशी झाली. कपडे बदलायच्या खोलीतले विनोद आटले. दोघंजण उशिरा यायला लागले, एकजण यायचाच थांबला. चकती कोपऱ्यात गेली तर आणायला कोण जाणार याची सगळे वाट बघत. हरायचं नाटक करता करता ते खरोखरचे हरणारे कधी झाले, कुणालाच कळलं नाही. खोलीत एकटा ओरेस्ट मोठ्यानं बोलायचा. "चला रे, दोन गोल म्हणजे काय? काहीच नाही!" 

शेवटच्या रविवारी टायरवाले आणि हॉटेलवाले सारख्या गुणांवर आले आणि सामनाही त्यांचाच आपसात. हरेल तो शेवटचा. मर्व्हिनला आता एकाच माणसाची भीती होती. ओरेस्ट गोलात असला तर ग्लेन्डाची माणसं एप्रिल उजाडला तरी गोल करणार नाहीत.

खोलीत ओरेस्ट सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. त्या दिवशी त्यानं पॅड पुसून लख्ख केले होते. मर्व्हिन शेजारी बसला.

"वुइको, आज तू बस. गुडघ्यांना जरा आराम दे. गोलात मी उभा राहतो."

ओरेस्टचा हात पट्ट्यावर थांबला. "आजच?"

"आजच. एकच तर सामना आहे."

म्हाताऱ्यानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलेलं आहे हे मर्व्हिनला त्या क्षणी दिसलं. दिसूनही त्यानं शब्द मागे घेतला नाही. आठ रविवार खर्ची घातले होते, आता कच खायची कशी?

"बरं," ओरेस्ट म्हणाला. "कप्तान तू आहेस." तरीही त्यानं पॅड बांधले, मुखवटा घातला आणि सगळ्या जामानिम्यानिशी बाकावर जाऊन बसला.

तो सामना गावात अजून सांगतात. मर्व्हिन गोलात उभा, आणि ग्लेन्डाच्या माणसांना त्याचा गोल सापडेना. चकती यायची ती नेमकी त्याच्या पोटावर. तो बाजूला व्हायचा तर चकतीही तिकडेच वळायची. कसेबसे दोन-दोन गोल झाले. त्यात बाकावरून ओरेस्टचं ओरडणं चालू, अगदी मनापासून: "डावीकडे, मर्व! डावीकडे हल! ग्लेन्डा नेहमी डावीकडेच मारते!" शेवटची दोन मिनिटं उरली असताना ग्लेन्डा स्वतः पुढे आली. "डावीकडे!" ओरेस्ट उभा राहून ओरडला. मर्व्हिन उजवीकडे हलला. चकती डावीकडून आत गेली. एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

मग रीतीप्रमाणे दोन्ही संघ समोरासमोर रांगा करून हात मिळवायला उभे राहिले. ओरेस्ट एक मिनिटही खेळला नव्हता, तरी बाकावरून उतरला, आस्ते आस्ते रांगेच्या शेवटी आला आणि हॉटेलवाल्यांपैकी प्रत्येकाचा हात त्यानं हातमोजा काढून धरला. ग्लेन्डाचा जरा जास्त वेळ धरला. ती त्याला काहीतरी म्हणाली. नंतर मर्व्हिनकडे तिनं असं बघितलं की तो तडक कपडे बदलायला गेला.

सोमवारी सकाळी दुकानासमोर ओरेस्टचा ट्रक थांबला. त्यानं मागून पॅड काढले, एक-एक करून आत आणले आणि टायरांच्या चळतीवर ठेवले.

"हे ठेव. कुणाला लागले तर दे."

"का? काय झालं?"

"एप्रिलच्या चौदा तारखेला रेजायनाच्या इस्पितळात गुडघा बदलतायत. दुसरा पुढच्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, गोलात उभं राहायचं आता विसरा." तो टायरांचे आकडे वाचत असल्यासारखा भिंतीकडे बघत होता. "डिसेंबरातच सांगितलं होतं त्यांनी."

"डिसेंबरात! वुइको, मग मला बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू दया येऊन उभा केला असतास. मला वाटलं, खेळायला म्हणूनच उभा करशील." दारापर्यंत जाऊन तो वळला. "पण एकदा तरी डावीकडे हलला असतास, मर्व."

ट्रक गेला. मर्व्हिन त्या पॅडपाशी उभा राहिला. गिऱ्हाईक आलं, वाट बघून गेलं. त्याला लाज वाटत होती, साधी सरळ लाज. दुसऱ्याच्या खिशातली शेवटची गोष्ट काढून घेऊन आपण त्याच्याच भल्यासाठी गुंतवली होती. पुढच्या वर्षाच्या सगळ्या हिशोबात त्यानं एक गोष्ट धरलीच नव्हती, की पुढचं वर्ष सगळ्यांना मिळतंच असं नाही. मोठ्या लीगला ते परवडतं. तिथली पोरं अठरा वर्षांची असतात.

आयरीनला त्यानं जेवताना सांगितलं. ती टोमणा मारील म्हणून तो वाट बघत राहिला. तिनं त्याच्या बशीत आणखी दोन पेरोही वाढल्या. ते त्याला टोमण्यापेक्षा जड गेलं.

उन्हाळ्यात तो तीनदा ओरेस्टकडे गेला. नव्या गुडघ्यानं म्हातारा काठी टेकत परसात फिरत होता.

"वुइको, ते मार्चमध्ये मी जे..."

"यंदा बटाट्याला भुंगे फार लागलेत."

"नाही, मी म्हणतोय की..."

"बादली घे ती. आलायस तर वेच."

तिन्ही वेळा मर्व्हिन बादलीभर भुंगे वेचून परत आला. पॅड त्यानं दुकानात भिंतीवर टांगले होते. विकायचे का, असं कुणी विचारलं की तो नाही म्हणे, आणि नवल म्हणजे त्यावर काही सिद्धांत सांगत नसे.

सप्टेंबरचा दुसरा रविवार आला. कँटीन भरून गेलं होतं. पातेल्यात बीटचं सूप मंद आचेवर होतं, फळीवर कॅन होता. कॉल्बी मास्तर खिडकीपाशी उभा होता, उंच, हसरा, आणि इतक्या लोकांनी आपल्याकडे घोडा विकत घेताना बघतात तसं का बघावं हे न कळून जरासा गोंधळलेला. ओरेस्ट पातेल्यामागे स्टुलावर बसून सूप वाढत होता. तेवढं काम आता त्याला जमत होतं.

"चल, मर्व," ग्लेन्डा म्हणाली. "घाम गाळून मिळवलेली जागा आहे तुझी. घे तुझा मास्तर आणि आम्हाला मोकळं कर."

मर्व्हिन उठला. हातातल्या यादीवर आयरीनच्या अक्षरात सगळी नावं होती. त्यात नसलेलं एक त्यानं सकाळी खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं. 

"टायरवाले," तो म्हणाला, "ओरेस्ट बोडनार."

 ग्लेन्डानं त्याचं वाक्य संपायचीही वाट न बघता टेबलावर हात आपटला. "हॉटेलवाले, मास्तर!" पुढच्या मार्चमध्ये कॅन हॉटेलवाल्यांनीच नेला, टायरवाले तिसरे आले, हे मी इथंच सांगून टाकतो. उगाच कुणी आशेवर राहायला नको. वर्षानुवर्षं काही न ठरवता प्रामाणिकपणे हरणाऱ्यांना कॅन मिळाला, आणि यावर मर्व्हिनचा सिद्धांत काय ते अजून कळलेलं नाही.

पण त्या दिवशी खरा भडका उडाला तो पातेल्यामागे. ओरेस्टच्या हातातली पळी सूपमध्ये पडली.

"अरे गाढवा! पहिल्या नंबरवर मला? मी चालतो काठीनं! मला कोण घेणार होतं? शेवटच्या फेरीत फुकटात मिळालो असतो मी! आधी मास्तर घ्यायचा, मागून मला! आठ रविवार हरलास ते यासाठी? तुला साधी यादी करता येत नाही आणि म्हणे कप्तान!"

अख्खं कँटीन हसत सुटलं. आयरीन तर डोळे पुसायला लागली, हसून की कशानं ते तिचं तिला ठाऊक. मर्व्हिन हसला नाही. तो गर्दीतून वाट काढत पातेल्यापाशी आला.

"माहीत आहे, वुइको. हिशोब येतो मला."

"मग?"

"शेवटच्या फेरीपर्यंत तुला पुन्हा बसवून ठेवायचं नव्हतं."

 ओरेस्टनं वर फळीवरच्या कॅनकडे बघितलं, मग पातेल्यात बघितलं आणि बुडालेली पळी दोन बोटांनी बाहेर काढायचा फार वेळ प्रयत्न केला. सूप भाजत होतं, तरी त्यानं हात लवकर बाहेर काढला नाही.

"आणि मी करायचं काय संघात?" पळी हाती आल्यावर तो म्हणाला. 

"बाकापुढच्या कठड्याचं दार उघडायचं. आमची पोरं बर्फावर जाताना, परत येताना. ते काम काही मेव्हण्यासारखं सोफ्यावर बसून होत नाही."

"दार कुठल्या बाजूला आहे रे?"

"डावीकडे."

"मग तुला नाही सापडायचं," ओरेस्ट म्हणाला, आणि त्यानं मर्व्हिनसाठी वाडगा काठोकाठ भरला.